गॅस्केट नवे, डाग जुनाच!

गॅस्केट बदलले, महिनाभर गाडीखालची फरशी कोरडी राहिली आणि मग एके दिवशी सकाळी तोच काळा डाग पुन्हा उमटला, हा अनुभव जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येतो. मग दुसरे गॅस्केट, त्यावर सिलिकॉनचा जाड थर, जोर लावून आवळलेले बोल्ट आणि अखेरीस ‘विलायती जुनी गाडी आहे, गळणारच’ असा सोयीस्कर निष्कर्ष. या निष्कर्षापर्यंत पोहोचेपर्यंत मालकाचे पैसे आणि मिस्त्रीचा उत्साह दोन्ही संपलेले असतात. कित्येक चांगल्या गाड्या यानंतर ताडपत्रीखाली जातात त्या कायमच्याच.

वास्तविक एकदाच झालेली गळती आणि वारंवार होणारी गळती हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात गॅस्केट किंवा ऑइल सील वयोमानाने संपलेले असते व ते बदलले की प्रश्न मिटतो. दुसऱ्यात मात्र गॅस्केट हे बहुधा बळी ठरलेले असते. गुन्हेगार दुसरीकडेच असतो. इंजिनाच्या पोटात साचणारा दाब, झिजलेला शाफ्ट, वाकलेली पत्र्याची कड किंवा मुळात चुकीच्या जागी केलेले निदान, यांपैकी काहीतरी तसेच राहिलेले असते. ते शोधल्याखेरीज कितीही चांगल्या प्रतीचे पॅकिंग आणले तरी ते टिकत नाही.

मुंबई-पुण्यात जुन्या गाड्यांचे जाणकार कारागीर थोडेफार तरी सापडतात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात चित्र निराळे आहे. येथील गॅरेजांचा हात ट्रक, ट्रॅक्टर आणि रोजच्या वापरातील मोटारींवर बसलेला. त्यामुळे या भागात एखाद्याने हौसेने जुनी दोन आसनी गाडी ठेवलीच, तर तिच्या आजाराचे निदान बरेचसे मालकालाच करावे लागते. परंतु एका बाबतीत त्याची बाजू वाटते तितकी लंगडी नाही.

अ‍ॅम्बेसेडरचे नातेवाईक

भारतातील हौशी मंडळींकडे दिसणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये ब्रिटिश एमजीचा मान मोठा. १९५५ मध्ये आलेल्या एमजीए या गाडीत ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे ‘बी-सिरीज’ जातीचे १४८९ सीसीचे इंजिन होते. याच घराण्यातील १४८९ सीसीचे इंजिन हिंदुस्थान मोटर्सने अ‍ॅम्बेसेडरला बसविले आणि ते अनेक वर्षे देशभर धावले. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीत हेच इंजिन १७९८ सीसीपर्यंत वाढविण्यात आले. दोन कार्ब्युरेटर, वेगळे हेड आणि वेगळा कॅमशाफ्ट यांमुळे एमजीची चाल निराळी, पण हाडाचा सांगाडा तोच. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तिच्या पेट्रोल इंजिनावर हात बसलेले वयस्क मिस्त्री मात्र तालुक्याच्या गावांतूनही आढळतात. ‘स्पोर्ट्स कार’ हा शब्द ऐकून बिचकणाऱ्या अशा मिस्त्रीला बॉनेट उघडून दाखवावे, हे उत्तम.

या इंजिनाची एक खोड ठाऊक असली तर निम्मा मनस्ताप वाचतो. तीन बेअरिंगच्या जुन्या बी-सिरीज इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला आजच्यासारखे रबरी ओठाचे सील नव्हतेच. शाफ्टवर एक आटा कापलेला असे. इंजिन फिरू लागले की हा आटा मागे सरकणारे तेल पुन्हा आत लोटतो. शाफ्ट आणि भोवतालचे घर यांत अगदी थोडी फट असते, आणि आट्याचे काम शाफ्ट फिरत असेपर्यंतच चालते. गाडी बंद केल्यावर त्या फटीतून तेलाचे दोन-चार थेंब पाझरणे हा त्या रचनेचाच भाग आहे. ज्या ठिकाणी सीलच नाही तेथील ‘सील बदलून द्या’ असा आग्रह धरणारा मालक आणि ते बदलल्याचे बिल देणारे गॅरेज, दोघांनीही इंजिनाचे पुस्तक उघडलेले नसते. १९६४ च्या अखेरीस एमजीबीला पाच बेअरिंगचे इंजिन मिळाले आणि तेथे ओठाचे सील आले. म्हणून गाडीचे केवळ नाव पुरेसे नाही. इंजिनावर कोरलेला क्रमांक पाहूनच पुढचा निर्णय घ्यावा.

थेंब पडतो तेथे भोक नसते

तेल खाली ओघळते, हे सर्वांना ठाऊक असते. गाडी धावत असताना समोरून येणारा वारा ते मागेही ढकलतो, हे मात्र विसरले जाते. त्यामुळे इंजिनाच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यात झालेली गळती थेंबाच्या रूपाने मागच्या बाजूस, गिअरबॉक्स जेथे जोडलेला असतो त्या घंटेच्या आकाराच्या आवरणाखाली प्रकट होते. ते पाहून ‘क्रँकचे मागचे सील गेले’ असे निदान होते. हे सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि अनेक ब्रिटिश गाड्यांत तर इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही एकत्र बाहेर काढणे भाग पडते. इतके करून गळती तशीच राहिली, तर ती त्या मिस्त्रीकडची शेवटची खेप असते.

बी-सिरीज इंजिनात या फसवणुकीचे ठरलेले ठिकाण आहे. इंजिनाच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली, टॅपेटची दोन पत्र्याची झाकणे असतात आणि त्यांच्यामागे बुचाची गॅस्केटे. मागच्या झाकणातून पाझरलेले तेल ब्लॉकच्या कडेने घरंगळत नेमके मागच्या सीलजवळ पोहोचते. जपानी गाड्याही याला अपवाद नाहीत. १९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ या लोकप्रिय दोन आसनी गाडीत हेडच्या मागच्या टोकाला कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर बसविलेला असतो. त्याची अंगठीएवढी रबरी रिंग वयोमानाने कडक होते, तेल मागून खाली उतरते आणि जगभरातील मालक मागच्या सीलच्या नावाने बोटे मोडतात. किरकोळ किमतीची रिंग आणि काही दिवसांचे काम, एवढा फरक त्या एका निदानात असतो.

म्हणूनच पान्याला हात लावण्यापूर्वी इंजिन स्वच्छ करणे हे पहिले आणि सर्वांत दुर्लक्षित काम होय. इंजिन थंड असताना डिग्रीझर व ब्रशने वर्षानुवर्षांचा तेलकट चिखल काढावा. डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटरचे तोंड प्लास्टिकने बांधावे. धुतल्यावर इंजिन पूर्ण कोरडे होऊ द्यावे. रॉकेल-पेट्रोलने धुऊन लगेच स्टार्टर मारण्याची सवय जीवघेणी ठरू शकते. त्यानंतर संशयित सांध्यांवर साधी टाल्कम पावडर फुंकावी, दहा-पंधरा किलोमीटर फेरी मारावी आणि टॉर्च घेऊन पाहावे. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट स्पष्ट उमटते. नियम एकच: ओलसर भागातील सर्वांत वरचे आणि सर्वांत पुढचे ठिकाण शोधावे. एवढ्याने उलगडा झाला नाही तर तेलात मिसळायचा चमकणारा रंग आणि अतिनील प्रकाशाचा टॉर्च वापरता येतो. तो आता फार महाग राहिलेला नाही आणि अंधाऱ्या गॅरेजमध्ये त्याचा उजेड भल्याभल्यांचे अंदाज चुकवितो.

रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा जुने वर्तमानपत्र अंथरून त्यावर पुढच्या चाकांच्या खुणा कराव्यात. सकाळी डाग कोठे पडला हे तर कळतेच, शिवाय काय गळते हेही कळते. इंजिन ऑइल तपकिरी-काळे असते. गिअरबॉक्स किंवा डिफरन्शिअलचे जाड तेल वेगळे काढता येते, कारण त्याला बहुधा गंधकासारखा उग्र वास असतो. ब्रेकचे तेल पातळ आणि फिकट. हे शेवटचे आढळले तर गाडी जागची हलवू नये. एका गोष्टीची मात्र नोंद घ्यावी: काही ब्रिटिश गाड्यांच्या गिअरबॉक्समध्येही इंजिन ऑइलच भरलेले असते. एमजीबी त्यांपैकीच. तेव्हा रंग-वासावरून काढलेला निष्कर्ष दर वेळी खरा ठरेलच असे नाही.

इंजिनाचा कोंडलेला श्वास

वारंवार होणाऱ्या गळतीचे सर्वांत मोठे कारण शोधायचे तर ते बहुतेक वेळा एका रबरी नळीत सापडते. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी प्रत्येक स्फोटातील थोडा वायू त्यांच्या कडेने खाली, क्रँककेसमध्ये उतरतो. या वायूला बाहेर जाण्याची वाट हवी. जुन्या गाड्यांत ही वाट म्हणजे ‘ब्रीदर’ची साधी नळी होती, तिचे तोंड खाली रस्त्याकडे उघडे असे. साठच्या दशकापासून प्रदूषण कमी करण्यासाठी हा वायू पुन्हा इंजिनाच्या सेवन मार्गात ओढून जाळण्याची पद्धत आली. त्यासाठी झडप, जाळी आणि नळ्यांचे जाळे आले. सुरुवातीच्या पाच बेअरिंगच्या एमजीबीत मॅनिफोल्डवर बसविलेली चपटी, गोल झडप हे त्याचेच रूप. तिच्या आत एक रबरी पडदा असतो आणि तो फाटला वा ताठरला की सारी व्यवस्था कोलमडते.

तेलाची वाफ, काजळी आणि ओलावा यांची मिळून एक चिकट राबडी तयार होते आणि ती या नळ्या व जाळ्या हळूहळू बुजवीत नेते. वाट बंद झाली की वायू कोंडतो, आतील दाब वाढतो आणि तो जेथे सांधा कच्चा असेल तेथून तेलासह बाहेर पडू पाहतो. टॅपेट कव्हर पक्के केले की टायमिंग कव्हरकडून, तेही पक्के केले की डिपस्टिकच्या नळीतून. आट्यावर भिस्त असलेल्या जुन्या इंजिनाचे तर आणखी हाल. तेल आत लोटणारा तो आटा कोंडलेल्या दाबापुढे निष्प्रभ ठरतो. ‘एक गळती बंद केली की दुसरी सुरू होते’ ही तक्रार ऐकू आली की आधी ब्रीदर पाहावा. गॅस्केटचे पाकीट नंतर फोडले तरी चालते.

याची परीक्षा घरबसल्या होते. इंजिन गरम करून कमी वेगावर चालू ठेवावे, तेल भरण्याचे झाकण काढावे आणि त्या तोंडावर पातळ प्लास्टिकचा तुकडा अलगद ठेवावा. वायू ओढून घेणारी व्यवस्था असलेल्या गाडीत तो किंचित आत ओढला गेला पाहिजे. तो फडफडत वर उडाला तर दाब कोंडला आहे हे नक्की. आकडाच हवा असेल तर पारदर्शक नळीचा इंग्रजी ‘यू’ आकार करून त्यात पाणी भरावे व एक टोक डिपस्टिकच्या भोकाशी हवाबंद जोडावे. पाण्याच्या दोन पातळ्यांतील फरक आतील दाब सांगतो. नळ्या, जाळी आणि झडप साफ केल्यावर किंवा बदलल्यावर हीच परीक्षा पुन्हा करावी.

त्यानंतरही दाब कायम राहिला तर बातमी वाईट आहे. रिंगा आणि बोअर झिजलेले आहेत आणि खाली उतरणारा वायू कोणत्याही ब्रीदरच्या आवाक्याबाहेर गेला आहे. कॉम्प्रेशन मोजून, किंवा सिलिंडरमध्ये हवा सोडून ती कोठे निसटते हे पाहून खात्री करता येते. डिपस्टिकच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर रिंगांचा दोष मानावा. अशा इंजिनावर बाहेरून पॅकिंग लावीत राहणे व्यर्थ होय. बोअर, रिंग-पिस्टन यांचे काम काढण्याची मानसिक व आर्थिक तयारी होईपर्यंत गाडी बेताने चालवावी आणि तेलाची पातळी पाहत राहावे, हाच प्रामाणिक सल्ला.

आवळण्याची हौस

दुसरे कारण म्हणजे मनगटाचा जोर. ऑइल चेंबर आणि टॅपेट कव्हर बहुधा पातळ पत्र्याचे असते. गळते म्हणून बोल्ट आवळला की बोल्टच्या भोकाभोवतीचा पत्रा आत दबतो, दोन बोल्टांमधला भाग वर उचलला जातो आणि तेथून गळती वाढते. मग पुन्हा आवळणे आले. एमजीबीच्या चेंबरच्या बोल्टांना सुमारे ८ न्यूटन-मीटर इतकाच पीळ सांगितला आहे. म्हणजे लहान पाना दोन बोटांत धरून येईल तितका. यासाठी टॉर्क पाना हवा आणि त्याहीपेक्षा हात आवरता यायला हवा. दबलेली कड सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ करता येते आणि काचेच्या तुकड्यावर ठेवून तपासता येते. हे अर्ध्या तासाचे काम न केल्याने पाच-पाच गॅस्केटे वाया गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

सिलिकॉनच्या पेस्टबद्दलही सावध राहिलेले बरे. योग्य जागी, बारीक रेघेएवढी वापरली तर ती उपयुक्त आहे. थरावर थर दिले की दाबून बाहेर आलेली जादा पेस्ट आतल्या बाजूलाही तितकीच येते. तिचे तुकडे सुटून चेंबरमध्ये पडतात आणि तेलाच्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. गळती थांबते आणि बेअरिंग उपाशी राहते, असा हा सौदा. बुचाचे गॅस्केट तर दोन्ही बाजूंनी पेस्ट लावली की आवळताना सटकून बाहेर येते. ते झाकणाच्या बाजूला चिकटवावे आणि ब्लॉककडची बाजू कोरडी किंवा ग्रीसचा हात फिरवून ठेवावी.

ओठाच्या सीलची कथा वेगळी. वर्षानुवर्षे एकाच जागी घासून सीलचा ओठ शाफ्टवर बारीक खाच पाडतो. नखाला जाणवेल अशी खाच पडली असेल तर नवे सील त्याच खाचेवर बसते आणि थोड्याच दिवसांत गळू लागते. शाफ्ट बदलण्याची गरज असतेच असे नाही. सील मूळ जागेपेक्षा एखादा मिलिमीटर आत-बाहेर बसविता येत असेल तर ओठाला कोरी जागा मिळते. ते शक्य नसेल तेथे शाफ्टवर पातळ पोलादी बाही चढवितात. तिची जाडी जेमतेम पाव मिलिमीटरच्या आसपास असल्याने मूळ मापाचेच सील चालते. काही इंजिनांत मात्र मागच्या बाजूस दोरीचे सील असते, जग्वारच्या ४.२ लिटरच्या इंजिनातील ते प्रसिद्ध आहे. ते नीट बसविणे हे सरावाचे काम असून प्रयोगासाठी निवडण्याजोगे नाही.

सत्तेचाळीस अंश आणि आठ अंश

पूर्व विदर्भाचे हवामान या साऱ्यात भर घालते. मे महिन्यात गोंदियात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, कधी त्याही पुढे. आणि डिसेंबर-जानेवारीत तो १० अंशांच्या खाली उतरतो तेव्हा विदर्भातील सर्वांत थंड ठिकाण म्हणून गोंदियाचे नाव वारंवार बातम्यांत येते. ज्या गाड्यांची रचना इंग्लंडच्या हवेसाठी झाली त्यांचे तेल येथील दुपारी नको तितके पातळ होते, रबर लवकर कडक पडते आणि बुचाचे गॅस्केट वाळून आकसते. कडक झालेले सील हिवाळ्याच्या पहाटे शाफ्टला नीट बिलगत नाही. इंजिन तापल्यावर गळती थांबल्यासारखी वाटते. केवळ थंडीत होणारी गळती सील ताठरल्याचे लक्षण मानावे.

या हवेत अशा इंजिनांना २०डब्ल्यू-५० प्रतीचे तेल सर्वसाधारणपणे मानवते आणि बहुतेक ब्रिटिश क्लासिक गाड्यांसाठी तेच सुचविले जाते. आधुनिक मोटारींचे अतिपातळ कृत्रिम तेल भरून ‘उत्तम प्रतीचे दिले’ असे समाधान मानू नये. उलट टोकाला जाऊन गळती दबावी म्हणून ट्रॅक्टरचे जाडजूड तेल ओतणेही चूकच. थंड इंजिनात ते वरच्या भागापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कॅम व टॅपेट झिजतात. गळती थांबविणारी द्रव्ये बाजारात मिळतात. ती रबराला फुगवितात व मऊ करतात. सील फक्त ताठरले असेल तर काही महिने उसंत मिळते. फाटलेले सील, वाकलेला पत्रा किंवा बुजलेला ब्रीदर यांवर त्यांचा काही उपयोग नाही.

पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवलेल्या गाडीची गळती दिवाळीत वाढलेली दिसते. त्याचे कारण तिची विश्रांती. सील कोरडे पडते, आत ओलावा धरतो. पंधरवड्यातून एकदा गाडी बाहेर काढून इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालविली तर सील ओले राहते आणि तेलातील पाणी उडून जाते. नुसते पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करणे यापेक्षा वाईट. त्याने ओलावा वाढतो.

सुटे भाग आणि भातगिरणी

मूळ गॅस्केट संच परदेशातून मागविता येतो आणि एमजीसारख्या गाड्यांचे जवळपास सर्व भाग आजही नव्याने बनतात. पण प्रत्येक वेळी तितके थांबण्याचे कारण नाही. ऑइल सील हे गाडीच्या नावाने नव्हे, मापाने ओळखले जाते: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी. गोंदिया हा भाताचा जिल्हा. भातगिरण्यांना बेअरिंग, पट्टे आणि सील पुरविणाऱ्या दुकानांत नेमकी हीच भाषा चालते. जुने सील व्हर्नियरने मोजून, शाफ्टचा व्यास प्रत्यक्ष पडताळून तेथे चौकशी करावी. ब्रिटिश गाड्यांची मापे इंचांत असतात, त्यामुळे ‘जवळपास बसते’ असे मेट्रिक सील ठोकून बसविण्याचा मोह टाळावा. पदार्थही विचारावा. साधे नायट्राइल रबर १०० अंशांच्या आसपासच्या तापमानाला ठीक असते. व्हायटॉन त्याहून बरीच अधिक उष्णता सोसते आणि क्रँकशाफ्टसाठी चार पैसे अधिक मोजायला हरकत नाही. ओठावर तिरप्या रेघा असतील तर त्या शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेनुसार असतात. उलट्या दिशेचे सील तेल आत लोटण्याऐवजी बाहेर काढते.

कागदी गॅस्केट तर घरी कापता येते. योग्य जाडीचा गॅस्केटचा कागद झाकणावर ठेवून कडेने गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोकत गेले की कड आपोआप कापली जाते. जुन्या मिस्त्रींचे हे कसब अजून लोपलेले नाही. बोल्टांच्या बाबतीत मात्र काटकसर नको. या गाड्यांचे आटे प्रामुख्याने इंची मापाचे असतात; त्यात मेट्रिक बोल्ट पिळून घातला की भोकाचा आटा कायमचा जातो आणि मग तेथून गळणारे तेल कोणतेही गॅस्केट अडवू शकत नाही.

गोव्यातील वेर्णा येथे बनलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी या बाबतीत निराळी. फायबर ग्लासच्या या देशी स्पोर्ट्स कारचे इंजिन रेनॉच्या लहान मोटारींतील ११४९ सीसीचे आहे. गाडीचे उत्पादन थांबले असले तरी हे इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओ या गाड्यांत मोठ्या संख्येने वापरले गेले. त्यामुळे सॅनच्या नावाने शोधून न मिळणारे गॅस्केट इंजिनाच्या क्रमांकाने शोधल्यास मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

केव्हा थांबावे

सर्वच गळत्या सारख्या भीतिदायक नसतात. तेलाचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला आणि मिनिटाला एक थेंब पडतो असे मानले तर दिवसाला ७२ मिलिलिटर, म्हणजे पंधरवड्यात एक लिटर तेल जाते. जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनात एकूण तेलच चारएक लिटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘थेंबभर तर गळते’ या वाक्याचा अर्थ कळतो. उलट रात्रभरात दोन-चार थेंब एवढीच गळती असेल आणि ती महिनोन्महिने वाढत नसेल, तर त्यासाठी इंजिन उतरविणे हा शहाणपणा नव्हे. खाली पत्र्याचा ट्रे ठेवावा आणि पातळी तपासत राहावे. येथे परिपूर्णतेचा हट्ट महागात पडतो.

काही गळत्या मात्र तडजोड मानीत नाहीत. तेलाचा कूलर असलेल्या गाडीतील रबरी नळ्या पूर्ण दाबाखाली असतात. त्यांपैकी एक फुटली तर चेंबर काही मिनिटांत रिकामे होते. गोंदियाहून गोरेगावमार्गे कोहमारा गाठून ५३ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर आलेली गाडी ट्रकांच्या रांगेत असताना हे घडले, तर तेलाच्या दाबाचा काटा खाली गेल्याचे लक्षात येईपर्यंत बेअरिंग गेलेले असते. काटा पडताच इंजिन बंद करून गाडी कडेला घ्यावी. ‘पुढच्या धाब्यापर्यंत’ चालवू नये. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग बैठकीला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसला, तरी असाच प्रसंग ओढवतो. एक्झॉस्टच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर पडणारे तेल धूर देते आणि जोरात चालविलेल्या गाडीत ते पेटूही शकते. क्लचच्या पट्टीवर तेल गेले की क्लच घसरू लागतो आणि पट्टी बदलावीच लागते. तेल ब्रेकपर्यंत किंवा टायरपर्यंत पोहोचत असेल तर चर्चेला जागा उरत नाही. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या वाटेवर सांडलेल्या तेलाचे उत्तरदायित्वही गाडीच्या मालकाकडेच येते.

गळलेले आणि बदललेले तेल जाते कोठे, हा प्रश्न तलावांच्या या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा आहे. नवेगाव बांधापासून गावोगावच्या मालगुजारी तलावांपर्यंत येथील शेती व मासेमारी पाण्यावर उभी आहे आणि महाराष्ट्रात उरलेल्या मोजक्या सारस पक्ष्यांचा मुख्य आसराही याच भातखाचरांत व तलावकाठी आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एका वेळच्या ऑइल बदलातील तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी नासवू शकते असे म्हटले आहे. आपल्याकडे २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. प्रत्यक्षात जळके ऑइल लाकडाला फासले जाते, धुळीवर शिंपडले जाते किंवा सरळ नालीत जाते. हौशी मालकाने ते डब्यात साठवून, तेल गोळा करून रीतसर पाठविणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. इंजिन धुतल्याचे काळे पाणीही अंगणातून गटारात सोडू नये. खाली लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस पसरले तर तेल त्यात शोषले जाते. तो तेलकट भुसाही मग पेटविण्याच्या उपयोगाचा नाही, तेलाच्या डब्यासोबतच द्यावा.

कागदपत्रांची बाजूही पाहून ठेवावी. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या खासगी वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. त्यासाठी २० हजार रुपये शुल्क असून नोंदणी १० वर्षे चालते आणि महाराष्ट्रातील क्रमांक ‘एमएच व्हीए’ने सुरू होतो. एमजीए आणि साठच्या दशकातील एमजीबी यात बसतात, सॅन स्टॉर्म बसत नाही. अशी नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्यासाठीच तिला रस्त्यावर आणण्याची मुभा आहे. म्हणजे ब्रीदरची नळी बदलून घेण्यासाठी गोंदियाहून नागपूरला जाणे नियमात बसते. कार्यालयाला जाणे बसत नाही.